हस्तपरिवर्तित नाणी : युद्धस्मृतीचे एक उपेक्षित साधन

इ. स. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा एक मोठा निधी उपलब्ध झाला. त्यात सुमारे १३,२५० नाणी होती आणि त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा उमटविलेली होती. पराभूत राजाचे नाणे वितळवून टाकण्याऐवजी त्याच्याच मुखवट्यावर विजेत्याने आपला ठसा मारावा, ही घटना नाणेशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित आहे. पैठणच्या सातवाहनांचा हा इतिहास मराठवाड्यातील अभ्यासकांस तर विशेष जवळचा आहे. युद्ध झाले की त्याची खूण नाण्यावर उमटते, हे ह्या निधीने निर्विवादपणे दाखविले आहे.

परंतु ही खूण नेहमी राजाच्याच हाताने उमटते असे नाही. सामान्य शिपाई, युद्धकैदी, त्यांची आई अथवा पत्नी, गावचा सोनार ह्यांच्या हातांनीही नाण्याचे रूप पालटते. कोणी नाण्याची एक बाजू घासून तीवर नाव कोरतो, कोणी त्यास कडी बसवून गळ्यात घालतो, कोणी कडा ठोकून त्याची अंगठी करतो. अशा नाण्यांस प्रस्तुत लेखात ‘हस्तपरिवर्तित नाणी’ असे म्हटले आहे. नाणेसंग्राहकांच्या नेहमीच्या दृष्टीने ही नाणी ‘बिघडलेली’ होत. त्यांस किंमत कमी येते, सूचींत स्थान मिळत नाही आणि अखेरीस त्यांची रवानगी सोनाराच्या मुशीत होते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र नाणे जेथे बिघडते तेथेच पुष्कळदा नवे साधन निर्माण होते. ह्या साधनाचे स्वरूप, त्याचा दख्खनशी असलेला संबंध आणि त्याच्या संग्रहाची पद्धती ह्यांचा विचार पुढे केला आहे.

१. व्याख्या आणि मर्यादा

नाण्यावरील प्रत्येक अतिरिक्त खूण स्मृतिचिन्ह नसते. म्हणून प्रथम चार भिन्न प्रकार वेगळे केले पाहिजेत.

पहिला प्रकार राजकीय पुनर्मुद्रणाचा. जोगळटेंभीचा निधी हे त्याचे उदाहरण. येथे परिवर्तन सत्तेने केलेले असते आणि नाणे चलनातच राहते. दुसरा प्रकार सराफी खुणांचा. मुघल व उत्तरकालीन रुपयांवर दिसणारे लहान लहान छाप हे सराफांनी धातूचा कस पाहून मारलेले असतात. त्यांचा हेतू व्यवहाराचा असतो, स्मृतीचा नव्हे. तिसरा प्रकार अलंकाराचा. तेर येथील उत्खननांत रोमन नाण्यांची नक्कल करून भाजलेल्या मातीच्या पदकांसारख्या वस्तू मिळाल्या आहेत. त्यांस दोरा ओवण्याची सोय आहे. दक्षिण भारतात सापडलेल्या कित्येक रोमन सुवर्णनाण्यांस सम्राटाच्या मस्तकावर दोन छिद्रे पाडलेली आहेत. व्हेनिसच्या डुकॅट नाण्यावरील आकृतींस आपल्याकडे ‘पुतळी’ म्हणू लागले आणि त्यांतून पुतळ्यांची माळ हा मराठी स्त्रीचा प्रतिष्ठित अलंकार सिद्ध झाला. बंजारा स्त्रियांच्या वेषावरील नाणी आणि ‘राणीछाप’ रुपयांचे हार हेही ह्याच परंपरेतील होत.

चौथा प्रकार प्रस्तुत विषयाचा. येथे नाणे चलनातून मुद्दाम बाहेर काढलेले असते, ते एका विशिष्ट व्यक्तीशी अथवा प्रसंगाशी जोडलेले असते, आणि त्यावरील काम हे त्या संबंधाचे दर्शक असते. अलंकार शोभेसाठी असतो; स्मृतिनाण्यास शोभा असली तरी ती गौण असते. अर्थात तिसऱ्या व चौथ्या प्रकारांतील सीमारेषा पुष्कळदा पुसट होते. युद्धाहून परतलेल्या शिपायाने आणलेले परदेशी नाणे पत्नीच्या हारात गुंफले गेले तर ते एकाच वेळी अलंकारही ठरते आणि स्मृतिचिन्हही. अशा वेळी वस्तूपेक्षा वस्तूबरोबर आलेली हकीकत निर्णायक ठरते. हा मुद्दा पुढे संग्रहपद्धतीच्या संदर्भात पुन्हा येईल.

२. दख्खनमधील पूर्वपरंपरा

युद्धाची आठवण धातूत जपण्याची कल्पना पाश्चात्त्यांकडून येथे आली असे मानण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात रणात पडलेल्या वीराचे स्मरण दोन रीतींनी केले जाई. गावाच्या वेशीवर वा देवळाजवळ वीरगळ उभा राही. घरात देव्हाऱ्यावर वीराचा टाक बसे. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठविलेला हा टाक कुळातील पूर्वजाचा असे आणि देवांबरोबर त्याची पूजा होई. नाशिककडे धुळवडीच्या दिवशी वीर नाचविण्याची प्रथा आहे, तीत हे घरातील वीर मिरवीत नेले जातात. जुन्या काळी सामान्य कुटुंबात सहज उपलब्ध असणारी शुद्ध चांदी म्हणजे रुपयाचीच, हे लक्षात घेतले म्हणजे नाणे आणि टाक ह्यांतील अंतर फार नाही हे ध्यानात येईल. नाणे टाक होताना त्यावरील राजाचा मुखवटा पूर्णपणे नाहीसा होतो. स्मृतिनाण्यात तो अंशतः राहतो, एवढाच भेद.

दुसरी परंपरा ‘इमाम जामिन’ ह्या प्रथेची. हैदराबाद, औरंगाबाद आणि एकंदर दख्खनमधील मुस्लिम कुटुंबांत प्रवासास अथवा मोहिमेस निघणाऱ्याच्या उजव्या दंडावर कापडात गुंडाळलेले नाणे बांधले जाते. बहुधा आई, बहीण अथवा घरातील वडील स्त्री ते बांधते. आठवे इमाम अली रझा ह्यांच्याकडे प्रवाशाचा जामीन सोपविण्याची ही भावना असून, खलिफा मामूनने त्यांच्या नावे पाडलेल्या नाण्यांशी ह्या प्रथेचा संबंध परंपरेने जोडला जातो. इष्टस्थळी सुखरूप पोचल्यावर ते नाणे दानधर्मात द्यावयाचे असते. ह्यातील एक गोष्ट संग्राहकास विचारात घ्यावी लागते : प्रथा यथासांग पाळली गेली तर नाणे उरतच नाही. जे उरते ते पुष्कळदा अपवादाने उरते. स्मृतिवस्तूंच्या संग्रहात न उरलेल्या वस्तूंचाही हिशेब कसा करावा लागतो, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

३. बाहेरील उदाहरणे आणि अहमदनगरचा दुवा

नाणे घासून त्यावर निरोपाचा मजकूर कोरण्याची रीत इंग्लंडमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सर्वसामान्य होती. मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत १७९७ साली पाडलेली एक औंस वजनाची तांब्याची पेनी ह्या कामी विशेष सोयीची ठरली, कारण तीवर कोरण्यास भरपूर पृष्ठभाग मिळे. ऑस्ट्रेलियास काळ्या पाण्यावर पाठविले जाणारे कैदी अशा पेन्यांवर नाव, शिक्षेची मुदत आणि प्रियजनांसाठी दोन ओळी कोरून त्या मागे ठेवीत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने अशा तीनशेहून अधिक पेन्या जतन केल्या आहेत. ज्यांची स्वतःची कागदपत्रे जवळजवळ काहीच नाहीत अशा माणसांचा इतिहास लिहिताना त्यांचा मोठा उपयोग झाला आहे.

युद्धाशी प्रत्यक्ष निगडित आणि महाराष्ट्राच्या भूमीशी संबंध असलेले उदाहरण बोअर युद्धाचे आहे. १८९९ ते १९०२ ह्या काळात दक्षिण आफ्रिकेत झालेल्या ह्या युद्धात पकडलेले हजारो बोअर कैदी इंग्रजांनी सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि हिंदुस्थान येथील छावण्यांत पाठविले. हिंदुस्थानात आलेल्यांची संख्या सुमारे नऊ हजार होती आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे त्यांच्या प्रमुख ठाण्यांपैकी एक होते. औरंगाबादहून हे ठाणे सुमारे ११० किलोमीटरवर, म्हणजे दोन-चार मुक्कामांच्या अंतरावर होते. ह्या कैद्यांनी रिकाम्या वेळात लाकूड, हाड आणि धातू ह्यांवर पुष्कळ कोरीव काम केले. जवळ राहिलेल्या ट्रान्सव्हालच्या नाण्यांवरून राष्ट्राध्यक्ष क्रूगर ह्यांचा मुखवटा अथवा प्रजासत्ताकाचे चिन्ह करवतीने मोकळे कापून त्यांच्या टाचण्या व पदके करणे, हा त्या कामाचा एक परिचित भाग होता.

ह्या नाण्यांचे महत्त्व समजण्यास पुढील घटना पाहावी. ३१ मे १९०२ रोजी तह होऊन बोअर प्रजासत्ताके संपुष्टात आली. मायदेशी परतण्यासाठी कैद्यांनी इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी अशी अट होती. अनेकांनी ती नाकारली आणि ते हिंदुस्थानातच अडकून राहिले. शेवटी जनरल द ला रे ह्यांस १९०३-०४ च्या सुमारास येथे येऊन त्यांची समजूत घालावी लागली. ज्या राज्याचे नाणे होते ते राज्यच उरलेले नव्हते. अशा वेळी खिशातील शिलिंगचे मूल्य एक शिलिंग राहत नाही. चलन म्हणून ते संपलेले असते आणि निष्ठेची खूण म्हणून त्याचे दुसरे आयुष्य सुरू झालेले असते. हस्तपरिवर्तनाचे तात्त्विक मर्म ह्याच ठिकाणी सापडते.

पुढे १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात खंदकांत आणि छावण्यांत तयार झालेल्या वस्तूंस पाश्चात्त्य संशोधनात ‘खंदककला’ हे नाव मिळाले. निकोलस सॉन्डर्स ह्या अभ्यासकाने ह्या वस्तूंचा मानवशास्त्रीय दृष्टीने पद्धतशीर विचार केल्यानंतर संग्रहालयांचा त्यांकडे पाहण्याचा दृष्टिकोन पालटला. तोफेच्या गोळ्यांची पितळी नळकांडी, काडतुसे आणि नाणी ही ह्या कलेची मुख्य द्रव्ये होती.

४. चांदीची टंचाई आणि दोन चलने

हिंदी सैनिकाच्या हातातील नाण्याचा विचार करताना त्या काळच्या चलनव्यवस्थेकडे दुर्लक्ष करून चालत नाही. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा असून त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी असे. हैदराबाद संस्थानात मात्र स्वतःचा हाली सिक्का चाले. १९०३ पासून ह्या रुपयावर चारमिनारची आकृती येऊ लागली आणि निजाम उस्मान अली खान ह्यांच्या कारकीर्दीत चारमिनारच्या कमानीत ‘ऐन’ हे अक्षर आले. हाली रुपया वजनाने सुमारे ११.१८ ग्रॅम आणि कसाने ८१.८ टक्के होता. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा साधारण हिशेब मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या तोंडी असे. दोन्ही नाण्यांतील शुद्ध चांदीचे प्रमाण मोजून पाहिले तर हा हिशेब चांदीनेच ठरविलेला दिसतो.

पहिल्या महायुद्धात चांदीचे भाव चढले. रुपया वितळविणे फायदेशीर होऊ लागताच सरकारने १९१७ मध्ये चांदी-सोन्याच्या नाण्यांचा चलनाव्यतिरिक्त उपयोग बेकायदा ठरविला, त्याच वर्षी एक रुपयाची कागदी नोट काढली आणि १९१८ मध्ये अडीच रुपयांची नोट काढली. त्याच वर्षी अमेरिकेने पिटमन कायद्यान्वये आपल्या साठ्यातील चांदी हिंदुस्थानास विकण्याची सोय केली. हैदराबाद संस्थानानेही १९१८ च्या कायद्याने कागदी चलन सुरू केले. ह्याचा अर्थ असा की, त्या वर्षांत एखाद्या कुटुंबाने पुरा रुपया घासून त्यावर मुलाचे नाव कोरविले असेल, तर ते काम दुर्मीळ झालेल्या धातूवर केलेले आणि कायद्याच्या दृष्टीने शंकास्पद असे होते. स्मृतीसाठी दिलेली ही किंमत लक्षात घेतल्याविना त्या वस्तूचे वजन कळणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात हीच कथा वेगळ्या रीतीने घडली. १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आली; उरलेल्या भागात तांबे, निकेल व जस्त मिसळले गेले. १९४३ मध्ये तांबे वाचविण्यासाठी मध्यभागी मोठे छिद्र असलेला काशाचा पैसा निघाला, आणि हैदराबादच्या टांकसाळीतूनही छिद्रयुक्त दोन पैंचे नाणे बाहेर पडले. नवख्या संग्राहकास येथे इशारा देणे अवश्य आहे : ह्या नाण्यांतील छिद्र टांकसाळीचे आहे, सैनिकाचे नव्हे. छिद्राची कड गुळगुळीत व उठावदार असेल आणि भोवतालची अक्षरे अखंड असतील तर ते मूळचेच समजावे. हाताने पाडलेले छिद्र अक्षरांस वा आकृतीस कोठे ना कोठे कापते आणि एका बाजूस धातू बाहेर लोटते.

५. रणांगणे आणि तेथील नाणी

कोणत्या नाण्यांचा शोध घ्यावयाचा, हे सैनिक कोठे गेले ह्यावरून ठरते. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींचे मुख्य रणक्षेत्र मेसोपोटेमिया होते. कूत-अल-अमारा येथील वेढा ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला आणि त्यात १०३, ११० व ११७ ह्या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. शरणागतीनंतर हजारो हिंदी सैनिक कैदी होऊन अनातोलियाकडे व लोहमार्गाच्या कामावर नेले गेले. हैदराबाद संस्थानाचे लान्सर्स पथक सुवेझ व पॅलेस्टाइनच्या आघाडीवर होते. जोधपूर व म्हैसूरच्या पथकांबरोबर दिल्लीतील तीन मूर्ती स्मारकात त्याचेही स्मरण केले आहे. पूर्वीच्या हैदराबाद कंटिंजंटमधून निघालेल्या, आणि म्हणून औरंगाबादच्या छावणीशी जुना संबंध असलेल्या पथकांपैकी २० वी डेक्कन हॉर्स १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील हाय वुड येथे लढली. दुसऱ्या महायुद्धात हैदराबाद संस्थानाची पहिली इन्फन्ट्री डिसेंबर १९४१ मध्ये मलायातील कोटा बारू येथे होती, तर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे व नामदेव जाधव ह्यांस इटलीतील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

ह्यावरून ऑटोमन, इजिप्शियन, फ्रेंच व इटालियन नाणी, तसेच मलायातील सेंट, ही मराठी व दख्खनी घरांत मिळण्याचा संभव स्पष्ट होतो. तथापि दोन गोष्टींनी सावध राहिले पाहिजे. ब्रिटिश अंमलाखालील इराकमध्ये १९३२ पर्यंत हिंदी रुपयाच चालत असे. म्हणून मेसोपोटेमियातून आलेले स्मृतिनाणे साध्या जॉर्ज पंचमच्या रुपयाचेही असू शकेल. उलट, इजिप्तचा सुलतान हुसेन कामिल ह्याची १९१६ च्या सुमाराची चांदीची काही नाणी मुंबईच्या टांकसाळीत पाडलेली आहेत. म्हणजे परक्या दिसणाऱ्या नाण्याचा जन्म घरचा आणि घरच्या दिसणाऱ्या नाण्याचा प्रवास परका, असे दोन्ही प्रकार संभवतात. केवळ नाण्याच्या देशावरून रणक्षेत्र ठरविणे म्हणूनच धोक्याचे आहे.

६. कामाच्या रीती

हस्तपरिवर्तनाच्या रीती थोड्याच आहेत. त्या ओळखता आल्या तर काम कोठे झाले असावे ह्याचा अंदाज करता येतो.

घासणे व कोरणे ही सर्वांत सोपी रीत. कानस, दगड अथवा वाळू ह्यांनी एक बाजू सपाट करावयाची आणि टोकदार हत्याराने अक्षरे काढावयाची. अक्षरे ठिपक्याठिपक्यांनी उमटविलेली असतील तर खिळा व हातोडी एवढ्यावर काम भागले असावे. वळणदार, एकसारख्या खोलीची रेषा असेल तर तेथे सोनाराची कोरणी फिरली आहे. कडी बसविण्यासाठी झाळकाम लागते, म्हणजेच भट्टी, फुंकणी व टाकणखार लागतो. असे काम आघाडीवर होणे कठीण, ते बहुधा बाजारपेठेत अथवा परतल्यावर गावी झालेले असते. अंगठी करताना नाणे कडेवर उभे धरून फिरवीत फिरवीत हलके ठोकावयाचे. कडा पसरून रुंद होते आणि मग मधला भाग काढून टाकता येतो. ह्या कामास एखादा चमचा आणि पुष्कळ सवड पुरते. म्हणूनच ती कैद्यांची व छावणीतील शिपायांची आवडती रीत होती. जुना रुपया ह्या कामी चांगला वळतो. १९४० नंतरच्या मिश्रधातूचा रुपया कठीण असल्याने त्याची अंगठी सहसा सुबक होत नाही.

लिपीकडेही बारकाईने पाहावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी माणसाचे हस्ताक्षर मोडी असण्याचा संभव पुष्कळ असे, परंतु धातूवर कोरताना बाळबोध अक्षरे सोयीची पडत. हैदराबाद संस्थानात उर्दूचा प्रसार होता. सैन्यात तर रोमन लिपीतील उर्दू शिकविली जाई. म्हणून मराठी शिपायाचे नाव रोमन अक्षरांत आढळल्यास ते साहेबाचे काम असे समजण्याची घाई करू नये.

७. एका नाण्याचे वाचन

पद्धती स्पष्ट व्हावी म्हणून एक कल्पित नमुना घेऊ. समजा, १९१६ सालचा एक रुपया आहे. राजाची बाजू शाबूत असून दुसरी बाजू वर्षाचे आकडे सोडून घासून तीवर एक नाव व पलटणीचा क्रमांक कोरला आहे. वर कडी झाळलेली आहे. वजन कडीसह १०.४ ग्रॅम भरते.

पहिले अनुमान काळाचे. नाण्यावरील वर्ष ही वरची नव्हे, खालची मर्यादा होय. काम १९१६ च्या आधीचे नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. वर्षाचे आकडेही घासले गेले असल्यास तीही मर्यादा हरवते आणि राजाच्या मुखवट्यावरूनच अंदाज बांधावा लागतो. हाली रुपया असेल तर त्यावर हिजरी सन असतो. पहिल्या महायुद्धाची वर्षे साधारणतः हिजरी १३३२ ते १३३७ आणि दुसऱ्याची १३५८ ते १३६४ अशी येतात. संस्थानातील कागदपत्रांत मात्र फसली सन वापरीत. घरातील कागद आणि नाणे ह्यांची तुलना करताना ही गल्लत पुष्कळदा होते.

दुसरे अनुमान झिजेचे. राजाच्या मुखवट्यावरील उंच भाग, म्हणजे गाल व मुकुट, किती झिजले आहेत ते पाहावे. ते पुष्कळ झिजलेले असून कोरलेल्या अक्षरांच्या कडा मात्र तीक्ष्ण असतील, तर नाणे बराच काळ चलनात फिरल्यावर कोरले गेले. दोन्ही बाजू सारख्याच गुळगुळीत झाल्या असतील तर कोरल्यानंतर ते अंगावर दीर्घकाळ वागविले आहे. कडीच्या आतील भागाची झीज हा वापराचा सर्वांत विश्वासू पुरावा होय, कारण बनावट करणारा तिकडे क्वचितच लक्ष देतो.

तिसरे अनुमान वजनाचे. मूळ वजनातून आजचे वजन वजा केले म्हणजे किती धातू घासला गेला हे कळते. परंतु कडीचे वजन वेगळे काढता येत नसल्याने हा हिशेब स्थूलच राहतो. तो सांगताना ही मर्यादा सांगितलीच पाहिजे. धातूचा कस ठरविण्यासाठी कसोटीवर घासण्याऐवजी क्ष-किरण प्रतिदीप्तीची परीक्षा करावी; तीत नाण्यास इजा होत नाही.

चौथे अनुमान नावाचे. पहिल्या महायुद्धानंतर दिलेल्या ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ठोकलेली असे. सैनिकांस ते चांदीचे आणि बिगारी वा अनुयायी वर्गास काशाचे मिळे. घरात असे पदक असेल तर नाण्यावरील क्रमांक त्याशी ताडून पाहता येतो. हे चारही पुरावे एका दिशेस झुकले तरच ओळख पक्की मानावी. एकाच पुराव्यावर उभे केलेले चरित्र कितीही हृद्य असले तरी तो इतिहास नव्हे.

अलीकडे जुन्या रुपयांवर नवे कोरीव काम करून ते ‘युद्धकालीन’ म्हणून विकण्याचे प्रकार जगभर घडतात. यंत्राच्या फिरत्या हत्याराने काढलेली रेषा सर्वत्र एकसारख्या रुंदीची असते आणि भिंगाखाली तिच्या तळाशी समांतर ओरखडे दिसतात. अक्षरांच्या खाचांत मळ व काळिमा नसून भोवती तो असेल, तर कोरीव काम नाण्याहून पुष्कळ अलीकडचे आहे, निदान खाचा अलीकडे साफ केलेल्या आहेत.

८. संग्रहाची पद्धती

ह्या वस्तू उत्खननात मिळत नाहीत. त्या घरांत, सराफ्यात आणि बाजारात मिळतात. म्हणून संग्राहकाची जबाबदारी उत्खननकर्त्याहून कमी नाही. पुढील पथ्ये पाळली जावीत.

नाणे घासून-पुसून चकचकीत करू नये. खाचांतील काळिमा हाच त्याच्या वयाचा साक्षीदार असतो. साखळी, दोरा, कापड वा डबी ह्यांपासून ते वेगळे करू नये. एकाच हारातील नाण्यांचा क्रम बदलू नये. दोन्ही बाजूंची व कडेची छायाचित्रे, वजन, व्यास आणि कामाचे वर्णन प्रथम नोंदवावे. त्यानंतर कुटुंबाची हकीकत त्यांच्याच शब्दांत, सांगणाऱ्याचे नाते व तारखेसह लिहून घ्यावी आणि ती वस्तूच्या वर्णनापासून वेगळ्या रकान्यात ठेवावी. वस्तू काय दाखविते आणि घर काय सांगते ह्यांत विसंगती आढळल्यास ती मिटवू नये, नोंदवावी. पणजोबा बसऱ्यास गेले होते असे घर सांगते आणि नाणे १९४० नंतरचे निघते. अशा ठिकाणी दोन पिढ्यांच्या दोन युद्धांची आठवण एकत्र झाली असण्याचा संभव असतो, आणि तो स्वतःच एक अभ्यासविषय आहे.

कुटुंबाने वस्तू द्यावी असा आग्रह धरू नये. छायाचित्र व नोंद मिळाल्यास संशोधनाचे बहुतांश काम होते. वस्तू घरात राहिली तर तिचा अर्थही जिवंत राहतो. कायद्याचेही भान हवे. १९७२ च्या पुरावस्तुविषयक अधिनियमान्वये शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूंत मोडतात आणि त्यांच्या व्यापारावर व निर्यातीवर निर्बंध आहेत. २०११ च्या नाणेविषयक अधिनियमाने चालू नाणी वितळविणे अथवा नष्ट करणे हा गुन्हा ठरविला आहे. तेव्हा जुन्या रीतीचे प्रात्यक्षिक विद्यार्थ्यांस दाखवावयाचे असल्यास चालू नाण्यावर प्रयोग न करता साधी तांब्याची चकती वापरावी.

९. ह्या साधनाचे महत्त्व

ह्या लहानशा वस्तूंवर इतके श्रम का खर्चावेत, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर बसरा येथील युद्धस्मारकात सापडते. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्यांची थडगी ज्ञात नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे ते स्मारक १९२९ मध्ये उघडण्यात आले. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली आणि हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. सामान्य हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी दिली गेली. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने २०२१ च्या आपल्या अहवालात, हिंदी व आफ्रिकी मृतांपैकी सुमारे ४५,००० ते ५४,००० जणांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही, हे मान्य केले. महाराष्ट्रात काही गावांतून ‘ह्या गावाहून इतके लोक महायुद्धास गेले’ असे सांगणारे दगडी फलक आहेत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावी पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांचे स्मरण केले जाते. परंतु फलकावरही बहुधा संख्याच असते.

ज्या माणसाचे नाव दगडावर कोरले गेले नाही, त्याचे नाव कोणी तरी रुपयावर कोरलेले असू शकते. ते सरकारने नव्हे, घरच्याने कोरविलेले किंवा त्याने स्वतः खिळ्याने ठोकलेले असते. एका बाजूस राजाचा मुखवटा व दुसऱ्या बाजूस शिपायाचे नाव असे ते नाणे त्या काळच्या संबंधांचे जितके नेमके चित्र देते, तितके पुष्कळ दप्तरे देत नाहीत. चांदीचा भाव चढला की घरातील जुने दागिने मोडीत निघतात, आणि त्यांबरोबर अशी नाणीही मुशीत जातात. मुशीत गेलेल्या नाण्याची चांदी शिल्लक राहते. नाव राहत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात इतिहास वस्तुसंग्रहालय आहे, शहरात जुना सराफा आहे आणि छावणीच्या परंपरेमुळे सैनिकी पेशाची घरेही आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या गावापासून व आपल्या घरातील देव्हाऱ्यापासून आरंभ केला, तर थोड्या काळात मराठवाड्यापुरती एक विश्वसनीय नोंदवही सिद्ध होऊ शकेल. नहपानाच्या नाण्यांवरील गौतमीपुत्राचा ठसा वाचण्यास जे शास्त्र शिकविते, तेच शास्त्र अनामिक शिपायाच्या खिळ्याची खूण वाचण्यासही समर्थ आहे. त्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक भिंग, एक तराजू, एक वही आणि ऐकून घेण्याची तयारी.